शालिकरामच्या विहिरीवरचा आरा

माघ अर्धा सरला होता. पुंजाराम वाढई लाकडावर उभा होता आणि त्याची बायको माणिकबाई लाकडाखाली. घरामागं खोदलेल्या खड्ड्यावर सालईचा ओंडका आडवा टाकला होता. वरून तो मोठी करवत ओढी, खालून ती. त्याचा भाऊ होता तोवर खड्ड्यात भाऊ उतरायचा. लढाई सुरू झाली आणि भाऊ जबलपूरकडं सरकारी कामावर निघून गेला. तेव्हापासून डोक्याला फडकं गुंडाळून, डोळे अर्धे मिटून माणिकबाई खाली उभी राही. प्रत्येक खेचीला भुसा तिच्या तोंडावर पडे. सालईचा डिंक घामात मिसळून मानेला चिकटे आणि रात्री आंघोळीनंही निघत नसे.

पुंजारामचा उजवा खांदा दिवाळीपासून धरला होता. करवत वर घेताना तो दात आवळी. आवाज मात्र बाहेर येऊ देत नसे, कारण खाली ती होती.

शालिकराम माळी बांधावरून आला आणि खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. गावाच्या पलीकडे त्याचा संत्र्याचा मोठा बगीचा होता. विहिरीवर त्यानं लढाईच्या आधीच तेलाचं इंजन बसवलं होतं. फट् फट् करत ते पाणी ओढी, आणि त्याचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू येई.

"पुंजारामभाऊ, दिवसाच्या किती फळ्या निघून राह्यल्या?" त्यानं विचारलं.

पुंजारामनं भिंतीला लावलेल्या फळ्यांकडं नुसती मान केली.

"येवढ्यात तं एका झाडाच्या पेट्या व्हत नाईत," शालिकराम म्हणाला. "मृगाचा बहार रंगावर आला. परतवाड्याचा कारखाना यंदा फळ्या देत नाई. त्याचं सारं लाकूड सरकार नेऊन राह्यलं. पेट्या नसल्या तं माल येलिचपूरच्या आगगाडीवर चढन कसा? झाडाखाली सडन."

"मंग मी काय करू बापू? दोन हातं हायेत."

"म्हून तं आलो. तू कुठून तरी एक गोल आरा पाह्य, कारखान्यात असते तसा फिरता. इंजन माझं हाय. सकाई पाणी झालं का दुपारून ते रिकामंच असते. पट्टा पंपावरचा काढू, आऱ्यावर चढवू. लाकूड माझं, तेल माझं. आरा तुझा अन् मेहनत तुझी. बहार निघाला का आरा तुझ्या दारात."

तो गेला. माणिकबाई खड्ड्यातून वर आली आणि लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत राहिली. डोळे लाल झाले होते.

"पाहा तं खरं," ती म्हणाली. "पाहाले का पैसे लागतात?"

पुंजाराम पाहायला निघाला. परतवाड्याला जाऊन त्यानं पहिल्यांदा लोखंडाच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं त्याच्या धोतराकडं पाहिलं, मग पायांकडं. "लढाई संपू दे, मंग इचार," तो म्हणाला. "विलायतेहून आता खिळाबी येत नाई." जुना आहे का म्हणताच त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून पुंजाराम पायरी उतरून खाली आला. तिथून तो लाकडाच्या कारखान्यावर गेला. फाटकावरच्या शिपायानं त्याला उन्हात ताटकळत ठेवलं आणि अखेर आतल्या मिस्त्रीनं दया येऊन हाक मारली.

आत गोल आरा चालू होता. पुंजारामनं आयुष्यात पहिल्यांदा तो इतक्या जवळून पाहिला. सागाचा ओंडका पुढं सरकला, आऱ्यानं किंकाळी फोडली, आणि पान लावून तोंडात घालायला लागतो तेवढ्या वेळात ओंडक्याचे दोन तुकडे झाले. ज्या कामाला त्याचा आणि माणिकबाईचा दिवस जाई ते काम. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याचा उजवा हात मात्र आपोआप पाठीमागं गेला होता आणि डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं.

अमरावतीला भंगारवाल्यांच्या ओळीत तो फिरला. एकाकडे पातं होतं, त्याला दात नव्हते. एकाकडे लोखंडी मेज होतं, त्याचा आस वाकडा. तिसऱ्या भंगारवाल्यानं त्याला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "अंजनगावच्या रस्त्यावर ते बंद पडेल कापसाचं जिन हाय ना, तिथं एक आरा पडून हाय. धडधाकट हाय. कोनी उचलत नाई."

"काहून?"

"जाऊन पाह्य."

जिनाचे मालक मुंबईकडं होते. इथलं सगळं वामनराव पाहत. त्यांनी स्वतः टीनाच्या शेडचं कुलूप काढलं. आत कबुतरं होती आणि मेजावर त्यांची घाण. आरा जागेवरच होता. पातं पुंजारामच्या छातीएवढं रुंद, गंजून लाल झालेलं. त्यानं पातं हलवून पाहिलं, आस फिरवून पाहिला, दातांवरून अंगठा नेला. वस्तू खरंच चांगली होती.

"याचं काय घेसान साहेब?"

वामनराव म्हणाले, "पैसे नकोत. माझं घर होऊन राह्यलं अंजनगावात. त्याची दारं-खिडक्या करून दे. साग मी देतो. पावसाळ्याच्या आत."

इतकं स्वस्त कुणी देत नाही, हे पुंजारामला कळत होतं. तो तसाच उभा राहिला तेव्हा वामनराव दुसरीकडं पाहत म्हणाले, "महादेव मिस्त्रीचा हात गेला यावर. मनगटापासून. तुले आत्ताच सांगून देतो, मंग म्हणशीन सांगितलं नाई."

पुंजारामनं आरा गाडीवर चढवला. वाटेत बैल बुजले तेव्हा पातं मेजावर खणकन वाजलं, आणि गाडी हाकता हाकता त्यानं पाय वर घेतले.

दारांच्या बदल्यात आरा मिळाला एवढंच त्यानं घरी सांगितलं. हाताचं सांगितलं नाही.

शालिकरामच्या विहिरीवर, इंजनाच्या खोपीबाहेर त्यानं जमिनीत लाकडं गाडून आरा बसवला. दगडानं गंज घासला, कानशीनं एकेक दात उजळला. त्या कामात त्याचा हात नेहमीसारखा चालला. दुपारी पाणी संपलं. शालिकरामनं पंपावरचा पट्टा काढून आऱ्याच्या चाकावर चढवला. पातं आधी डोलल्यासारखं फिरलं, मग त्याचे दात दिसेनासे झाले आणि उरला फक्त एक पांढुरका वर्तुळाकार धूर आणि आवाज. झाडांवरचे राघू उडून गेले.

माणिकबाई मेजाच्या पलीकडं फळी ओढून घ्यायला उभी होती. पुंजारामनं सालईचा चौकोनी तुकडा उचलला आणि पुढं ढकलला. लाकूड लोण्यासारखं फाटत गेलं, अर्ध्यापर्यंत गेलं, आणि तिथं सालईनं अंग आवळलं. चिरेच्या दोन बाजू पात्याला चिमटल्या. एक धक्का बसला. पुंजारामच्या हातात काही राहिलं नाही. लाकूड त्याच्या बरगडीला घासून मागं गेलं आणि संत्र्याच्या झाडात शिरून त्याची फळांनी लदलेली फांदी मोडून खाली पडलं.

शालिकराम धावला तो फांदीकडं. "आरं, भरेल फांदी नं लेका!"

पुंजाराम जागेवर होता. सदऱ्याला बरगडीजवळ फाटून भोक पडलं होतं. लाकूड दोन बोटं इकडं आलं असतं तर, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला.

त्यानंतर त्याचे हात पुढं जाईनात.

पहिल्या दिवशी त्यानं पट्टा ढिला आहे म्हणून सांगितलं आणि पट्ट्याला राळ लावत बसला. दुसऱ्या दिवशी दात बरोबर नाहीत म्हणाला, आणि दिवस मावळेपर्यंत उजळलेले दात पुन्हा उजळत राहिला. शालिकराम येऊन बघे, तेलाच्या डब्यात काठी घालून तेल मोजी आणि निघून जाई. झाडांवरची संत्री रोज अधिक पिवळी दिसत. वाऱ्यानं एखादं पडे, त्याचा धप्प आवाज पुंजारामला इंजनाच्या आवाजातही ऐकू येई. तिसऱ्या दिवशी शालिकराम गड्यांसमोर म्हणाला, "वाढई हाय का कानस घासनारा हाय?" गडी हसले. पुंजाराम खाली मान घालून कानस फिरवत राहिला.

माणिकबाईनं त्याच्या हातातून कानस काढून घेतली.

"तुमी तिकडून ओढा," ती म्हणाली. "मी लोटतो."

"येडी झाली का?"

"काहून? खड्ड्यात उभी रायतो तवा वरून ओंडका घसरन म्हून मले भ्या नाई वाटत का? तुमी कधी इचारलं?"

तिनं लुगडं खोचलं आणि लाकूड उचललं. इंजन चालू होतं, पातं फिरत होतं. तिच्या हातातल्या बांगड्या मेजावर किणकिणल्या. पुंजारामला त्या बांगड्या तेवढ्या दिसल्या आणि त्यांच्या पुढं ते पांढुरकं वर्तुळ. त्यानं तिला दंडाला धरून एवढ्या जोरानं मागं ओढलं की ती चिखलाच्या पाटात बसली. गडी बघत होते. त्यानं तिला उभंही केलं नाही. तो सरळ बांधावरून चालत सुटला.

पुंजाराम अंजनगावला पोचला तेव्हा दिवस कलला होता. महादेव मिस्त्रीचं घर विचारत विचारत तो गेला. महादेव ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होता. उजवा हात मनगटाशी संपला होता. दोरीचं एक टोक त्यानं पायाच्या अंगठ्यात धरलं होतं आणि डाव्या हाताच्या तळव्यानं मांडीवर पीळ देत होता.

पुंजारामनं आपण कोण ते सांगितलं. आरा आपण नेला हेही सांगितलं.

आतून एक बाई दारात आली. ती महादेवची बायको, दुर्गाबाई. "त्याचं नाव या घरात काढू नका जी," ती म्हणाली. "पानी प्या अन् जा."

महादेवनं पीळ थांबवला. "चालते का तो?"

"चालते. मीच चालत नाई," पुंजाराम म्हणाला. एवढं त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्यानं सगळंच सांगितलं, लाकूड उडालं ते, कानस घासत बसलो ते, बायकोला पाटात पाडलं तेही.

महादेवनं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यातून सोडवलं.

"त्या दिवशी कसं झालं?" पुंजारामनं विचारलं.

"काईच झालं नाई, तेच तं. जिन सुरू झालं तवापासून मी त्यावर होतो. कधी वरखडा नाई. त्या दिवशी ही जेवन घेऊन आली. दारातून म्हने, भाजीत आज मीठ जास्त झालं. मी मान वळवून म्हटलं, असू दे. येवढंच."

दुर्गाबाई दारातून आत गेली. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"मागं पाचर लावली का तुमी? पात्याच्या मागं?" महादेवनं विचारलं.

"कसली पाचर?"

"मंग लाकूड उडनच." त्यानं दोरी बाजूला ठेवली. "मी येतो. दाखवतो. पन मले जवळ जाता येईन का नाई, सांगता येत नाई."

दुर्गाबाई बाहेर आली ती डोक्यावर गाठोडं घेऊनच. "मीबी येतो," ती म्हणाली. तिघं अंधार पडायच्या आत वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं विहिरीवर जमले. महादेवनं पुंजारामकडून लोखंडाची एक पातळ पट्टी, म्हणजे ती पाचर, पात्याच्या मागं, मेजातून उभी बसवून घेतली. चिरलेलं लाकूड पुढं जाऊन त्या पट्टीवर आलं की चीर मिटणार नाही. मग ढकलायला एक खाच पाडलेली काठी करायला लावली. "शेवटचं लाकूड हातानं नाई, काठीनं. अन् तुमी पात्याच्या समोर नाई, बाजूला उभे रायजा." माणिकबाईच्या बांगड्या त्यानं उतरवायला सांगितल्या. काचेच्या बांगड्या एकेक काढून तिनं रुमालात बांधल्या. सवाष्णीचा हात मोकळा नको म्हणून मनगटाला एक दोरा तेवढा बांधला. शालिकराम लांबून बघत होता.

दुर्गाबाई चालत इंजनापाशी गेली. पट्टा चाकावरून सरकवून पाडायची एक लांब काठी तिथं टेकवलेली होती. ती तिनं दोन्ही हातांनी धरली आणि आऱ्याकडं तोंड करून उभी राहिली. गडी म्हणाला, बाई बाजूला व्हा, तेल उडते. ती हलली नाही आणि बोलली नाही.

इंजन सुरू झालं. आऱ्यानं आवाज धरला, आणि महादेव मेजापासून मागं सरू लागला. सरत सरत तो संत्र्याच्या झाडाआड गेला. तिथं तो वाकला आणि सकाळची भाकर त्यानं ओकून टाकली. उरलेला हात झाडाच्या बुंध्याला धरून तो तसाच उभा राहिला, आणि तिथूनच ओरडून म्हणाला, "आवाज पाह्या. आवाज भारी झाला का थांबा. रेटू नका."

पुंजारामनं ते पाहिलं. एवढी वर्षं आरा चालवलेला माणूस झाडाआड ओकला होता आणि तरी सांगत होता. पुंजारामला स्वतःच्या अडलेल्या हातांची तितकी लाज वाटली नाही. त्यानं लाकूड मेजावर ठेवलं, बाजूला उभा राहिला आणि ढकललं. आवाज भारी झाला. तो थांबला. पातं मोकळं झालं. त्यानं पुन्हा ढकललं. शेवटचं वीतभर काठीनं लोटलं. पलीकडं माणिकबाईनं फळी ओढून घेतली. सालईच्या डिंकाचा ऊद जाळल्यासारखा वास सुटला होता.

फळी ढिगावर ठेवताना तिचे ओठ पांढरे पडले होते.

काम लागलं. रोज दुपारी पाणी संपलं की पट्टा चढे. डिंकानं पातं चिकट झालं की महादेव पट्टा पाडायला लावी, रॉकेलच्या चिंधीनं दात पुसवून घेई, मगच पुन्हा चालू. दिवसागणिक तो झाडाआडून थोडा पुढं येई. भीती मात्र कुणाचीच गेली नाही. पुंजाराम सकाळी विहिरीवर जाऊन आधी पाचर हलवून पाही. भाकर त्याला गिळवत नसे. संध्याकाळी त्याच्या मुठी उघडत नसत, तेव्हा माणिकबाई त्याच्या हातांना कोमट तेल लावून बोटं एकेक करून सरळ करी. दुर्गाबाई आरा चालू असेपर्यंत एक शब्द बोलत नसे. पाणी हवं असलं तरी मागत नसे. काठी धरून नुसती पाहत राही.

रात्री शालिकरामच्या ओट्यावर खिळे ठोकून पेट्या होत. सकाळी गवत घालून संत्री भरली जात आणि गाड्या येलिचपूरच्या ठेसनाकडं निघत. शालिकरामचं बोलणं मऊ झालं होतं, पण घाई वाढली होती. "अजून थोडं लवकर व्हत नाई का भाऊ? ऊन तापून राह्यलं. फळ धरत नाई."

फाल्गुनात एका दुपारी झळा मारत होत्या. लाकूड गाठीचं होतं. पुंजाराम गाठीशी थांबला, मग त्यानं पुन्हा रेटलं. आवाज भारी झाला. माणिकबाई पलीकडून ओढायला पुढं वाकली. दिवसभराच्या घामानं तिचा खोचलेला पदर सुटला होता. तिला कळलं नाही. पुंजारामला दिसलं, पण त्याच्या दोन्ही हातांत लाकूड होतं. पदराचं टोक मेजावर आलं, वाऱ्यानं उचललं, आणि पात्याकडं गेलं.

पट्टा फटकन खाली पडला.

आरा लगेच थांबला नाही. तो आपल्या वेगानं फिरत राहिला, आणि पदराचं टोक त्यानं आत ओढलं. माणिकबाई मानेपासून पुढं खेचली गेली, तिचे तळहात मेजावर आपटले. पण ओढ तेवढ्यातच संपत आली होती. लुगडं टर्रकन फाटलं आणि ती मागं कोलमडली. पातं हळूहळू दात दाखवू लागलं. मग एकेक दात मोजता येईल इतकं सावकाश झालं. मग थांबलं. दातांना लाल काठाची चिंधी लटकत होती.

दुर्गाबाईच्या हातात काठी तशीच होती. कुणी ओरडायच्या आधी तिनं पट्टा पाडला होता.

पुंजाराम मेजाला वळसा घालून गेला आणि माणिकबाईजवळ खाली बसला. तिचे हात त्यानं आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. बोटं सगळी होती. "हायेत," ती म्हणाली. "हायेत नं. पाहू नका आता."

"काहून बंद पडलं?" बगिच्यातून शालिकराम ओरडत आला. जवळ आला आणि त्याला चिंधी दिसली. त्यानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. मग खोपीत जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं इंजन बंद केलं. बगिच्यात इतकी शांतता झाली की पाटातल्या पाण्याचा आवाज आला.

"आज नाई," महादेव म्हणाला.

"उद्याबी नाई," शालिकराम म्हणाला. "परवा पाहू."

त्या दोन दिवसांत बरीच फळं झाडाखाली पडली. ती गावातल्या पोरांनी खाल्ली, उरली ती गुरांपुढं गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टा चढला. माणिकबाईनं लुगडं काष्ट्यात घट्ट खोवून वरून दोरीनं आवळलं होतं आणि पुंजारामनं ती गाठ स्वतः ओढून पाहिली. सारा बहार पेट्यांत गेला नाही, पण बराचसा गेला. शालिकरामनं त्यावर कुरकुर केली नाही.

होळी झाल्यावर पुंजारामनं पातं उतरवलं, तेल लावून गोणपाटात गुंडाळलं. वामनरावांच्या दारांचं काम समोर होतं. त्यासाठी महादेवही लागणार होता आणि दोघांत ते ठरलं होतं. मिस्त्रीला आणि त्याच्या बायकोला घरी सोडायला शालिकरामनं आपली गाडी जुंपली. संत्र्याची एक पेटी त्यानं गाडीत ठेवली.

महादेव गाडीत चढला. दुर्गाबाई चढताना थांबली. माणिकबाई तिच्यासमोर उभी होती, हातात नव्या बांगड्या होत्या. दुर्गाबाईनं त्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. मग ती पुंजारामकडं वळली.

"दारायच्या कामाले आरा चालवसान नं?"

"हो."

"मले निरोप धाडजा. मी आल्याबिगर मिस्त्रीले पट्टा चढवू देऊ नका."

ती गाडीत चढली आणि महादेवच्या उजव्या अंगाला बसली. गाडीवानानं बैलांना हाक दिली.